बाससाठी स्वस्त पण टिकणारा रॉड: काय बघून घ्यायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतले एक गृहस्थ शनिवार-रविवारी दोन मुलांना घेऊन तळ्याच्या काठावरून लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला मासा धरायला जातात. एकाच हंगामात त्यांचे गरवायचे दोन रॉड मोडले, एक शेंड्याजवळ आणि दुसरा जोडाजवळ. आता रॉड, रील आणि लाइन मिळून १०० डॉलरच्या आत बसेल आणि काही वर्षं टिकेल असं काय घ्यावं? आणि ‘आयएम ८ ग्राफाइट’ असं लिहिलेला रॉड जास्त मजबूत असतो का?

आधी सरळ उत्तर देतो, कारणं मागून. काठावरून आणि मुलांसोबत गरवायचं असेल तर ६ फूट ६ इंच लांबीचा, मीडियम पॉवरचा, फायबरग्लास (काचेचे तंतू) आणि ग्राफाइट एकत्र असलेला स्पिनिंग रॉड (रील खालच्या बाजूला लटकतं तो) घ्या. शेक्सपियर कंपनीचा अग्ली स्टिक जीएक्स२ हा त्यातला सगळ्यात सहज मिळणारा. साधारण ५० डॉलरच्या आसपास तो वॉलमार्टमध्ये किंवा डिक्स या खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळून जातो. आयएम ८ लिहिलेला रॉड जास्त मजबूत, ही समजूत मात्र साफ चुकीची आहे, आणि नव्या लोकांचे पैसे बहुतेक वेळा तिथेच जातात.

ग्राफाइट म्हणजे कार्बनचे तंतू. काचेच्या तंतूपेक्षा कार्बन साधारण तिप्पट ताठ असतो. त्यामुळे तेवढाच ताठपणा आणायला माल कमी लागतो, रॉडची नळी पातळ आणि हलकी होते, आणि तळावरच्या खड्याला लूर (नकली आमिष) घासला तरी ते बोटाला कळतं. हा मोठा गुण आहे, नाकारायचं कारण नाही. पण हा तंतू लांबत फारसा नाही. काचेचा तंतू तुटण्याआधी कार्बनच्या दुपटीहून जास्त लांबतो. म्हणजे दोन्ही रॉड सारखेच वाकवत नेले तर कार्बनचा आधी जातो, आणि जाताना सूचना देत नाही, कडकन दोन तुकडे. पातळ नळीला दुसरीही एक भीती असते: बाहेरून बसणारा ठोका.

आयएम ६, आयएम ७, आयएम ८ ही मुळात हेक्सेल या अमेरिकन कंपनीच्या कार्बन तंतूंची नावं आहेत. आयएम म्हणजे इंटरमीडिएट मॉड्युलस, मध्यम ताठपणा. पुढे रॉडच्या धंद्यात ही नावं प्रतवारीसारखी छापली जायला लागली. तिथे सगळ्यांना बांधणारं मोजमाप नाही, त्यामुळे एका कंपनीचा आयएम ८ दुसरीच्या आयएम ८ सारखा असेलच असं नाही. काही कंपन्या जपानी पद्धतीने २४ टन, ३० टन असं लिहितात. २४ टन म्हणजे सर्वसाधारण कार्बन, ३० टन त्याहून ताठ. हे सगळे आकडे ताठपणाचे आहेत. महाग रॉडमध्ये चांगलं रेझिन (तंतू धरून ठेवणारा चिकट पदार्थ) आणि वेगवेगळ्या दिशांचे थर घालून ताठ कार्बनलाही मजबूत करतात. ५० डॉलरच्या रॉडमध्ये त्या कामाला पैसा उरत नाही. म्हणून स्वस्त रॉडवर मोठा आकडा दिसला की मी तो परत मांडणीवर ठेवतो.

मिश्र रॉडची कल्पना जुनी आहे. ग्राफाइटचे रॉड १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आले, आणि १९७६ साली शेक्सपियरने दोन्ही माल एकत्र करून पहिला अग्ली स्टिक काढला. तेव्हापासून तो ‘मोडत नाही’ म्हणूनच खपतो आहे. शेंड्याकडचा अर्धपारदर्शक भाग बघितलात तर तो नुसता काचेचा असतो. रॉड सगळ्यात जास्त तिथेच मोडतात, म्हणून तिथेच वाकणारा माल घातला आहे.

आता तुमचे दोन रॉड. रॉड कुठे मोडला ते सांगितलं की का मोडला ते बहुधा सांगता येतं, आणि नवा घेण्याआधी हे कळणं जास्त गरजेचं आहे. नाहीतर तोही त्याच वाटेने जाईल.

शेंड्यापासून फूटभराच्या आत मोडला असेल तर बहुतेक वेळा कारण असं असतं: मासा पायाशी आला, लाइन फारच थोडी बाहेर उरली, आणि उत्साहात रॉड उभा करून डोक्यामागे नेला. मासा दूर असताना सगळा वाक रॉडच्या जाड भागापर्यंत पसरतो. मासा पायाशी आणि रॉड उभा, की सगळा भार बोटभर जाडीच्याही कमी अशा शेंड्यावर येतो आणि तो स्वतःवरच दुमडतो. दोन पाउंडाचा मासासुद्धा यात रॉड मोडू शकतो. मुलं तर हमखास असंच करतात, कारण मासा वर उचलायची घाई असते. मुलांना एकच गोष्ट शिकवा: मासा काठाशी आला की रॉड आडवा-तिरका ठेवायचा, दोन पावलं मागे सरकायचं, आणि मोठ्या माणसाने खाली बसून मासा हाताने घ्यायचा. बासचे दात खरकागदासारखे बारीक असतात, खालचा जबडा अंगठा आणि तर्जनीत धरला तर इजा होत नाही. मोठा मासा असेल तर दुसरा हात पोटाखाली द्या.

शेंड्याजवळ मोडायचं दुसरं कारण फार शांतपणे काम करतं. वाऱ्यात लाइनचा एक वेढा शेंड्याभोवती बसतो, लक्षात येत नाही, आणि पुढची फेक जोरात केली की लूर थांबतो पण रॉड पुढे जात राहतो. फेकण्याआधी एकदा वर बघायची सवय लावा.

जोडाजवळ मोडला असेल तर दोन तुकड्यांचा रॉड होता आणि जोड सैल झाला होता, असं मी जवळजवळ खात्रीने म्हणेन. फेकून फेकून वरचा तुकडा हळूहळू निसटत येतो. आत बसलेला भाग कमी झाला की सगळा भार बाहेरच्या नळीच्या कडेवर येतो आणि ती उभी चिरते. अधूनमधून हात लावून बघायचं. बसवताना कड्या (लाइन ज्यांच्यातून जाते त्या) पाव फेरा बाजूला ठेवून आत ढकला आणि ढकलताना फिरवत सरळ रेषेत आणा, म्हणजे जोड घट्ट बसतो. साध्या मेणबत्तीचं मेण जोडाच्या आतल्या भागावर थोडंसं घासलं तर तो सैलही होत नाही आणि अडकतही नाही. अडकलाच तर दोघांनी ओढाओढ करू नका. रॉड गुडघ्यांच्या मागे आडवा घ्या, गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूला दोन्ही हातांनी धरा, आणि हात स्थिर ठेवून गुडघे बाहेर फाका. ओढ सरळ रेषेत लागते आणि जोड सुटतो. धरताना बोटं कड्यांवर नकोत, त्या वाकतात.

याशिवाय एक प्रकार असा की लहानशा माशावर रॉड मधूनच जातो आणि माणूस म्हणतो, मालच खराब होता. कधी असतोही. पण जास्त वेळा आधी कधीतरी शिशाचा जिग (जड डोक्याचा लूर) त्या जागी आदळलेला असतो, किंवा गाडीत रॉडवर टॅकल बॉक्स (सामानाची पेटी) पडलेला असतो. कार्बनच्या आतल्या थरात बारीक चीर जाते, बाहेरून रंगावर खूणही दिसत नाही, आणि काही दिवसांनी तिथून रॉड तुटतो. गाडीचं दार, डिकीचं झाकण आणि घरातला छताचा पंखा हे रॉडचे खरे वैरी आहेत. मागच्या सीटवर मुलं आणि त्यांच्या अंगावरून जाणारा रॉड, अशा गाडीत मिश्र मालाचा रॉड निभावून नेतो. तुम्हाला तो सुचवायचं मुख्य कारण हेच.

तळाशी लूर अडकला तर रॉडने हिसके देऊ नका. रॉड लाइनच्या सरळ रेषेत धरा, रीलवरची लाइन हाताने दाबा आणि मागे चालत जा. ब्रेडेड (विणलेली) लाइन असेल तर हाताला गुंडाळू नका, कापते. जवळ पडलेल्या एखाद्या काटकीला दोन वेढे द्या आणि ती ओढा.

टिकाऊपणाचा दुसरा निम्मा भाग कड्यांमध्ये आहे. लाइन जिच्यातून जाते त्या कडीत बहुतेक रॉडना सिरॅमिकची रिंग बसवलेली असते. चांगली असेल तर ती फार वर्षं जाते. स्वस्त रॉडमध्ये ती नुसती दाबून बसवलेली असते, आणि एखाद्या दिवशी टणकन निखळून पाण्यात जाते. उरलेल्या धातूच्या कडेवर लाइन घासत राहते आणि तुमचा सगळ्यात मोठा मासा त्या दिवशी जातो. अग्ली स्टिक जीएक्स२ च्या कड्या अख्ख्या एका तुकड्यातल्या स्टेनलेस स्टीलच्या आहेत, आत निखळण्यासारखं काही नाहीच. त्या गुळगुळीतपणात महागड्या सिरॅमिकच्या बरोबरीच्या नाहीत, फेक थोडी कमी जाईल. काठावरून गरवणाऱ्याला तेवढ्याने काही अडत नाही.

घरी असलेला कुठलाही रॉड तपासायचा तर कान साफ करायची कापसाची काडी घ्या. प्रत्येक कडीच्या आतून ती सावकाश गोल फिरवा. कुठे कापसाचा एकही धागा ओढला गेला, तर तिथे तडा आहे. डोळ्याला न दिसणारा तडा कापसाला सापडतो. अशा कडीतून लाइन वारंवार कापली जाते आणि माणूस लाइनला दोष देत बसतो. तडे जायचं कारणही बहुधा आपणच: लूरचा गळ कडीच्या आत अडकवून गाडीत टाकायची सवय. गळ कडीच्या रिंगमध्ये न अडकवता मुठीच्या वर त्यासाठीच दिलेल्या छोट्या आकड्यात अडकवा.

दुकानात गेलात की रॉड हातात घेऊन बंदुकीसारखा डोळ्याला लावा आणि शेंड्यापर्यंत बघा. सगळ्या कड्या एका रेषेत हव्यात. मग त्या मोजा. शेंड्याची धरून जितके फूट लांबी त्याहून एक जास्त, हा ढोबळ हिशेब. ६ फूट ६ इंचाला सात-आठ असतील तर ठीक. कमी असतील तर वाक नीट वाटला जात नाही. कडीच्या पायावरचा दोरा आणि त्यावरचं पारदर्शक लेपण बघा, बुडबुडे आणि भेगा नकोत. शक्य असेल तर आपलं रील सोबत न्या, बसवून आवळा आणि हलवून बघा. जरा जरी डुगडुगलं तर तो नग ठेवून दुसरा घ्या. एकाच मॉडेलचे नगही सारखे निघत नाहीत, म्हणून मी स्वस्त रॉड ऑनलाइन मागवत नाही. मूठ या भावात फोमचीच बरी. स्वस्त कॉर्कमध्ये भोकं पुट्टी भरून बुजवलेली असतात आणि ती पुट्टी वर्षभरात गळते.

मुठीच्या वर बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं ते नीट वाचा. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो, आणि ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकायला लागतो. फास्ट ॲक्शन फक्त वरून वाकतो, मॉडरेट जवळजवळ निम्म्यापासून. पुढे लूरचं वजन औंसात आणि लाइन पाउंडात दिलेली असते. बाससाठी पाव औंस ते पाच-अष्टमांश औंस, म्हणजे साधारण ७ ते १८ ग्रॅम, हा पट्टा त्यात बसायला हवा. पाच इंची मऊ प्लास्टिकची अळी, तीन-अष्टमांश औंसाचा स्पिनरबेट (फिरत्या पात्याचा लूर), लहान क्रँकबेट (ओढला की डोलत जाणारा लूर) हे सगळं यात येतं. एक औंसाचा मोठा स्विमबेट (माशाच्या आकाराचा लूर) अशा रॉडवर पूर्ण जोराने फेकला तर मासा लागायच्या आधीच रॉड जाईल.

लांबी मी मुद्दाम ६ फूट ६ इंच म्हटली. बासवाले बहुतेक ७ फूट किंवा जास्त सांगतात आणि बोटीतून ते बरोबरही आहे. पण प्रिन्स्टनचं कार्नेगी लेक घ्या. तळं आणि कालवा यांच्या मधून जी पायवाट जाते तिथे मागे झाडं, डोक्यावर फांद्या. तिथे डोक्यावरून फेकताच येत नाही, बाजूने आखूड फेकावं लागतं. लांब रॉडचा शेंडा दर थोड्या वेळाने फांदीत जातो. मुलांच्या हातातही आखूड रॉड बरा बसतो. मोकळ्या काठावर, उदाहरणार्थ मनास्क्वान रिझर्व्हॉयरच्या उघड्या भागात, ७ फूट चालेल, पण दोन्हीकडे चालणारा एकच घ्यायचा तर ६ फूट ६ इंच.

एक तुकडा की दोन? गाडीत मावत असेल तर एक. जोडच नाही म्हणजे जोडाची काळजीही नाही. लहान गाडी आणि मुलांच्या सीट असतील तर दोन तुकड्यांचा घ्या आणि वर सांगितलं तसं जोडाकडे लक्ष ठेवा. आजकालचे जोड चांगले असतात, त्यामुळे रॉड कमजोर होत नाही.

मिश्र रॉड कुणी घेऊ नये, तेही सांगतो. तुम्ही एकटे जात असाल, रॉड जपून नेत असाल आणि बहुतेक वेळ तळावरून जिग किंवा अळी सावकाश ओढून गरवत असाल, तर हा रॉड तुम्हाला जड आणि बहिरा वाटेल. बास कधी कधी लूर नुसता तोंडात घेऊन उभा राहतो, आणि ती बारीक टिचकी काचेत विरून जाते. तेव्हा त्याच भावातला साधा, २४ टनांच्या आसपासचा ग्राफाइट घ्या. बर्कलीचा लाइटनिंग रॉड हा या गटातला जुना आणि भरवशाचा. उलट क्रँकबेट ओढताना थोडा मऊ रॉडच चांगला, मासा तोंड हलवतो तेव्हा तिहेरी गळ निसटत नाहीत. आणि कमळपानांच्या दाटीत बेडूक-लूर फेकायचा असेल तर यातलं काहीच चालणार नाही. त्याला हेवी रॉड, ५० पाउंडाची ब्रेडेड लाइन आणि बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारं, आडव्या गरारीचं रील) लागतो, आणि ते सगळं १०० डॉलरच्या आत नीट जमत नाही.

रील २५०० आकाराचं घ्या. शिमानो सिएना किंवा दायवाचं साधं रील साधारण ३० ते ४० डॉलरपर्यंत मिळतं. रॉड-रील एकत्र पाकिटात घेण्यापेक्षा वेगळं घेतलेलं मला बरं वाटतं, कारण पाकिटात हात आखडतात तो बहुतेक रीलवर. उरलेल्या पैशात १० पाउंडाची मोनोफिलामेंट (एकाच धाग्याची) लाइन. ब्रेडेड लाइन लांबत नाही, प्रत्येक हिसका थेट रॉडवर येतो. मोनो लांबते आणि मुलाने जोरात ओढलं तरी मधला धक्का खाऊन टाकते. ड्रॅग (जोर वाढला की लाइन सुटू देणारा रीलचा ब्रेक) लाइनच्या ताकदीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त आवळू नका. १० पाउंडाच्या लाइनला ३ पाउंड. सामानाची बॅग तोलायचा काटा लाइनला लावून ओढा आणि रील किती आकड्यावर लाइन सोडतं ते बघा. एकदा नीट लावला की मोठा मासा लागल्यावर रॉडऐवजी रील काम करतं. न्यू जर्सीतला लार्जमाउथचा विक्रम १० पाउंड १४ औंसांचा आहे, १९८० सालचा. तुम्हाला लागणारे मासे बहुतेक एक ते तीन पाउंडाचे असतील. त्यांच्यासाठी एवढं साहित्य पुरून उरतं.

शेंड्याजवळ मोडलेला तुमचा रॉड टाकून दिला नसेल तर टाकू नका. वरचे काही इंचच गेले असतील तर तो दुरुस्त होतो. तुटलेलं टोक बारीक कानशीने सपाट करा, शेंड्याची नवी कडी आणा. तिच्या नळीचं माप एक इंचाच्या चौसष्टाव्या भागात दिलेलं असतं, म्हणून रॉड दुकानात घेऊन जाणंच सोपं. चिकटवायला गरम करून वितळणारा गोंद वापरा. इपॉक्सी किंवा सुपरग्लू नको, कारण पुढे कडी बदलायची वेळ आली तर ती गरम करून सुटली पाहिजे. रॉडला थेट ज्योत लावू नका, गोंद वितळवून कडीत भरा आणि मग बसवा. रॉड थोडा आखूड आणि ताठ होईल, पण मुलांना सनफिश हे तळ्यातले लहान मासे धरायला उत्तम. जोडाजवळ चिरलेल्या रॉडवर मात्र वेळ घालवू नका.

पावती जपून ठेवा. जीएक्स२ ला बनवतानाच्या दोषांसाठी सात वर्षांची हमी आहे, गाडीच्या दारात सापडलेला रॉड त्यात येत नाही. कुठल्याही कंपनीकडे रॉड पाठवण्याआधी टपालखर्च विचारा. लांब पार्सलला पैसे बरेच पडतात आणि ५० डॉलरच्या रॉडला कधी कधी ते परवडत नाही.

परवान्याचंही लगेच सांगून टाकतो: न्यू जर्सीत गोड्या पाण्यात १६ ते ६९ वयाच्या प्रत्येकाला तो लागतो, तुमच्या मुलांना लागणार नाही. १५ एप्रिल ते १५ जून हा बासच्या विणीचा काळ, त्यात धरलेला बास लगेच सोडावा लागतो.

हाच रॉड सुट्टीत कोकणात नेता येईल का, असंही बरेच जण विचारतात. दोन तुकड्यांचा असेल तर कडक नळीत घालून नेता येतो, आणि खाडीत लहान तांबोशीला तो चालतो. जिताड्यासाठी मात्र नेऊ नका. इंग्रजीत त्यालाही सी बास म्हणत असले तरी लार्जमाउथशी त्याचं नातं नाही, लार्जमाउथ सनफिशच्या कुळातला. जिताडा वजनाने आणि ताकदीने फार पुढचा मासा, त्याला जड रॉड आणि मोठं रील हवं. खाऱ्या पाण्यातून आल्यावर त्याच संध्याकाळी रॉड, कड्या आणि रीलचा बाहेरचा भाग गोड्या पाण्याने धुवा आणि पुसून सावलीत वाळवा. स्टेनलेस स्टीललाही मिठाने गंज येतो, आणि तो आधी कडीच्या पायाशी, दोऱ्याखाली धरतो.